एल्फिन्स्टन? कोणते?

मराठी माणसाला नुसतं आडनाव सांगून सुटका होत नाही. ‘मी कुलकर्णी’ असं कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न तयार असतो, ‘कुठले?’ गाव सांगितलं की, ‘मग ते बँकेतले कुलकर्णी तुमचे कोण?’ आणि कोणीच नाहीत असं कळलं की समोरचा असा हिरमुसतो, जसं काही आपण मुद्दामच नातं लपवतोय. लोकलच्या चौथ्या सीटवर जेमतेम टेकलेला माणूससुद्धा दादर येईपर्यंत शेजाऱ्याच्या तीन पिढ्या काढून मोकळा होतो.

अशा चौकस लोकांनी एका आडनावाला मात्र दोनशे वर्षांत एकही प्रश्न विचारला नाही. ते आडनाव एल्फिन्स्टन. कॉलेज एल्फिन्स्टन, रोड एल्फिन्स्टन, सर्कल एल्फिन्स्टन आणि शाळेच्या इतिहासात पेशव्यांच्या पुण्यात येऊन बसलेला रेसिडेंटही एल्फिन्स्टन. आपण या सगळ्यांचा मिळून एकच साहेब केला, त्याच्या नावातला एक ‘न’ गाळून त्याला ‘एल्फिस्टन’ केला आणि घरचाच मानून टाकला.

पण हा साहेब एक नाही. निदान दोन तर मुंबईतच आहेत. मुंबईबाहेरचा गोतावळा एवढा, की घरच्या कार्याला बोलवायचं म्हटलं तर पत्रिका लिहिणाऱ्याचा हात दुखावा. त्यात विद्यापीठ काढणारा बिशप आहे, राजाची सही पळवणारा सचिव आहे, नेपोलियनला बेटावर पाठवणारा ॲडमिरल आहे आणि नेपोलियनच्याच माणसाशी लग्न करणारी त्या ॲडमिरलची मुलगी आहे. अफगाणिस्तानवर जाडजूड पुस्तक लिहिणारा विद्वान आहे आणि ते पुस्तक उघडलंच नसावं असं वागणारा त्याचा चुलतभाऊही आहे. तेव्हा उशिरा का होईना, आता विचारू या: कुठले?

उत्तर सोपं आहे. एल्फिन्स्टनचे. स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या पूर्वेला ईस्ट लोदियन नावाचा परगणा आहे. तिथे ट्रॅनेंटजवळ एल्फिन्स्टन नावाचं गाव आहे. तिथली जमीन ज्यांच्याकडे होती त्यांना लोक गावाच्या नावाने ओळखू लागले. म्हणजे आपल्याकडचे चिपळूणकर, निपाणीकर, तसे हे एल्फिन्स्टनकर. फक्त ‘कर’ लावायचं राहून गेलं. पुढे जगभर कर गोळा करायचं काम त्यांनी ब्रिटिश साम्राज्यासाठी केलं, त्यात ती कसर भरून निघाली.

या घराण्यातला पहिला नाव काढणारा माणूस विल्यम एल्फिन्स्टन. जन्म १४३१ चा, ग्लासगोचा. त्याचे वडील चर्चमध्ये अधिकारी होते आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे चर्चच्या माणसाला लग्न करता येत नसे. नियम लग्नापुरताच होता, त्यामुळे विल्यम जन्माला आला. असा मुलगा पुढे ॲबर्डीनचा बिशप झाला. कायदा शिकलेला, राजाच्या विश्वासातला. १४९५ मध्ये त्याने पोप सहावा अलेक्झांडर याच्याकडून परवानगी आणून ॲबर्डीनला विद्यापीठ काढलं. हा पोप बोर्जिया घराण्यातला. त्याच्या नावावर इतिहासात इतकी लफडी आहेत, की त्याच्या सहीने एखादी चांगली गोष्टही झाली होती हे कळल्यावर बरं वाटतं. स्कॉटलंडला पहिला छापखाना मिळाला त्यामागेही हाच बिशप होता. राजाने १५०७ मध्ये परवाना दिला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बिशपने आपल्या प्रार्थनांचा ग्रंथ छापून घेतला. एका माणसाने विद्यापीठही काढलं आणि पाठोपाठ पुस्तकंही छापायला लावली. आपल्याकडची काही विद्यापीठं अजून पहिल्याच पायरीवर आहेत.

याच बिशपने राजा चौथा जेम्स याला सांगितलं होतं, की इंग्लंडवर चालून जाऊ नका. राजाने ऐकलं नाही. १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत राजा पडला आणि त्याच्यासोबत पहिला लॉर्ड एल्फिन्स्टनही पडला. बिचाऱ्याला लॉर्ड होऊन तीनच वर्षं झाली होती. त्याचा मुलगा दुसरा लॉर्ड झाला, तो १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत पडला. शहाणा सल्ला देणारा एल्फिन्स्टन एकीकडे आणि त्याची किंमत मोजणारा एल्फिन्स्टन दुसरीकडे, अशी या घराण्यातली कामाची वाटणी तेव्हापासूनची आहे. ती पुढे आणखी एकदा, फार मोठ्या हिशोबाने दिसेल.

आता वळू या त्यांच्या बाल्मेरिनो शाखेकडे. ही शाखा म्हणजे घराण्याचं फौजदारी खातं.

जेम्स एल्फिन्स्टन हा राजा सहावा जेम्स याचा सचिव. मनाने कॅथलिक, नोकरी प्रोटेस्टंट राजाकडे. १५९९ मध्ये त्याने पोपला एक गोडगोड पत्र तयार केलं आणि राजा शिकारीला निघायच्या घाईत असताना इतर कागदांत सरकवून त्यावर सही घेतली. साहेब बाहेर पडायच्या बेतात असताना कागदांची चळत पुढे करून ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणायचं, ही कला आपल्याच सरकारी कचेऱ्यांत जन्मली असा आपला समज होता. तो चुकीचा आहे. ती चारशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडात पूर्ण विकसित झालेली होती.

राजा पुढे इंग्लंडचाही राजा झाला. १६०८ मध्ये एका वादात कार्डिनल बेलार्मिनने ते पत्र जगासमोर ठेवलं. प्रोटेस्टंट राजाने पोपला पत्र लिहावं? राजा म्हणाला, मला काही ठाऊकच नाही. सचिव, जो तोवर पहिला लॉर्ड बाल्मेरिनो झालेला होता, म्हणाला की चूक माझी. राजाला खरंच ठाऊक नव्हतं का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. आपल्याला तर शंकाही नाही. फाइल फुटली की खालच्याने चूक कबूल करायची आणि वरच्याने आश्चर्य व्यक्त करायचं, हा शिष्टाचार फार जुना आहे. बाल्मेरिनोला मृत्युदंड झाला. शिर उडवायचं आणि देहाचे तुकडे करायचे, असा सविस्तर निकाल लागला. पण अंमलबजावणी कधीच झाली नाही. त्याला त्याच्या जहागिरीत बसवून ठेवलं आणि १६१२ मध्ये तो आपल्या बिछान्यात मेला. निकाल कडक आणि अंमल ढिला, म्हणजे आतून सगळं ठरलेलं असणार, असं कुठलाही अनुभवी कारकून सांगेल.

त्याचा मुलगा दुसरा लॉर्ड बाल्मेरिनो. याने काहीच पळवलं नाही. फक्त राजा पहिला चार्ल्स याच्या धर्मविषयक धोरणाविरुद्ध कुणीतरी लिहिलेला एक अर्ज जवळ ठेवला आणि लिहिणाऱ्याचं नाव सरकारला कळवलं नाही. १६३५ मध्ये पंधरा पंचांपुढे खटल्याचा निकाल लागला. आठ विरुद्ध सात मतांनी दोषी, शिक्षा मृत्युदंड. एका मताने डोकं जायचं होतं. ते राजाच्या माफीने वाचलं, पण लोकांचा राजावरचा उरलासुरला विश्वास त्या खटल्यात गेला. तीन वर्षांत सगळा स्कॉटलंड राजाविरुद्ध सह्या करत होता.

तिसरा मृत्युदंड मिळाला सहावा लॉर्ड बाल्मेरिनो आर्थर एल्फिन्स्टन याला. हा पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने १७१५ च्या बंडातही होता आणि १७४५ च्या बंडातही. कलोडनची लढाई हरल्यावर तो पकडला गेला. होरेस वॉलपोल नावाचा तेव्हाचा चोखंदळ पत्रलेखक त्याच्या खटल्याला जाऊन बसत असे. त्याने या म्हाताऱ्याबद्दल लिहून ठेवलं आहे ते वाचून माणूस हसावं की नमस्कार करावा या कोड्यात पडतो. तिघा कैद्यांना घोडागाड्यांतून न्यायचं होतं आणि प्रथेप्रमाणे कुऱ्हाडही बरोबर न्यायची होती. ती कोणाच्या गाडीत ठेवायची यावर वाद सुरू झाला. बाल्मेरिनो म्हणाला, अहो, द्या इकडे, माझ्याजवळ ठेवा. मृत्युदंड ऐकून परत येताना चेअरिंग क्रॉसला त्याने गाडी थांबवली, का तर गूजबेरी विकत घ्यायच्या होत्या. १८ ऑगस्ट १७४६ रोजी टॉवर हिलवर तो चष्मा लावून, शवपेटीवरचं आपलं नाव बरोबर लिहिलंय ना हे पाहून, जल्लादाला तीन गिनी बक्षीस देऊन आणि यापेक्षा जास्त नाहीत म्हणून दिलगिरी व्यक्त करून शांतपणे गेला.

एका शाखेत तीन मृत्युदंड. पहिला कागद सरकवल्याबद्दल, दुसरा कागद बाळगल्याबद्दल, तिसरा मात्र खरोखर तलवार उचलल्याबद्दल, आणि तोच तेवढा अंमलात आला. या घराण्याच्या ढालीवरचं ब्रीदवाक्य असं आहे, की कारणाने ते घडवलं. बस्स, एवढंच. कोणतं कारण, काय घडवलं, याचा पत्ता नाही. विधिमंडळात अडचणीचा प्रश्न आल्यावर द्यायला याहून निर्दोष उत्तर सापडणार नाही.

थोडं आडबाजूला जाऊन दोन फुटकळ एल्फिन्स्टन आटपून घेऊ. हे दोघे स्वतःचं आडनाव इंग्रजीत शेवटचं अक्षर गाळून लिहीत. एक जॉन, नौदलातला. हा रशियाच्या कॅथरीन राणीच्या आरमारात गेला आणि १७७० मध्ये चेश्मेच्या लढाईत तुर्की आरमार जाळण्यात सहभागी झाला. त्याच वर्षी त्याने आपलं जहाज लेमनॉस बेटाजवळ खडकावर चढवलं आणि रशियाला त्याची थोरवी एकदम दिसेनाशी झाली. दुसरा जेम्स, शाळामास्तर, डॉक्टर जॉन्सनचा मित्र. इंग्रजी जशी बोलतात तशी लिहावी, असा त्याचा हट्ट. आपला मुद्दा पटवायला त्याने त्याच वर्णलेखनात ग्रंथ छापले, स्वतःची पत्रंसुद्धा छापली. त्यामुळे मुद्दा कोणाला पटला नाही, कारण ग्रंथ कोणाला वाचता आले नाहीत. मार्शल या रोमन कवीची त्याने केलेली भाषांतरं तर अशी, की रॉबर्ट बर्न्ससारख्या कवीने त्यावर चार ओळींचा टोमणा रचून ठेवला. ऱ्हस्व-दीर्घावरून भांडणाऱ्या मराठी माणसाला या मास्तरांबद्दल आपुलकी वाटायला हवी.

आता मुख्य घर. ज्या १७४६ मध्ये टॉवर हिलवर बाल्मेरिनोचं डोकं गेलं, त्याच वर्षी जानेवारीत दहाव्या लॉर्ड एल्फिन्स्टनला पाचवा मुलगा झाला, जॉर्ज कीथ. पाचव्या मुलाच्या वाट्याला ना पदवी येते ना जमीन, म्हणून त्याला समुद्रावर पाठवलं. तिथे त्याने इतकं कमावलं की थोरल्या भावांना हेवा वाटावा. १७९५ मध्ये डचांकडून केप ऑफ गुड होप घेणाऱ्या मोहिमेचं आरमार त्याच्या हाताखाली होतं. जिंकलेल्या जहाजांच्या मालातला वाटा अधिकाऱ्यांना मिळे, त्यामुळे देशसेवा आणि उत्पन्न यांच्यात त्याला कधी विरोध दिसला नाही. पुढे तो लॉर्ड कीथ झाला.

१७९३ मध्ये तुलाँच्या वेढ्यात हा एका बाजूला होता आणि दुसऱ्या बाजूला तोफा लावणारा एक तरुण फ्रेंच अधिकारी होता, नेपोलियन बोनापार्ट. बावीस वर्षांनी, वॉटर्लूनंतर, तोच नेपोलियन ‘बेलेरोफॉन’ या ब्रिटिश जहाजावर शरण आला आणि प्लिमथला ही सगळी व्यवस्था पाहायला नेमका हाच ॲडमिरल होता. तुम्हाला सेंट हेलेनाला जायचंय, हे सम्राटाला सांगायचं नकोसं काम त्याच्याकडे आलं.

एवढ्यात एक वकील उपटला. मॅकेनरॉट त्याचं नाव. एका बदनामीच्या खटल्यात नेपोलियनची साक्ष हवी, असं कोर्टाचं समन्स त्याने लंडनहून काढून आणलं होतं. कागद ॲडमिरलच्या हातात पडला, तर युरोप जिंकणारा माणूस इंग्लंडच्या कोर्टात तारखांवर तारखा घेत बसला असता आणि सेंट हेलेनाचं राहूनच गेलं असतं. समन्स टाळायचा जगभर एकच उपाय आहे, तो म्हणजे घरी न सापडणं. लॉर्ड कीथ, ब्रिटिश आरमाराचे ॲडमिरल, घराच्या मागच्या दाराने सटकले आणि होडीत बसून एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाकडे पळत राहिले. मागून दुसऱ्या होडीत कागद हलवत वकील. ‘बेलेरोफॉन’ला घाईघाईने खोल समुद्रात पाठवून दिलं. फ्रेंच आरमाराला पाठ न दाखवलेला माणूस दिवसभर एका वकिलापुढे पळत होता. कोर्टाची पायरी चढलेल्या कुठल्याही माणसाला यात काही वावगं वाटणार नाही.

याच ॲडमिरलला मार्गारेट मर्सर नावाची मुलगी होती. गडगंज संपत्तीची वारस, राजकन्या शार्लटची जिवलग मैत्रीण. लॉर्ड बायरनचं अल्बेनियन पोशाखातलं प्रसिद्ध चित्र आहे ना, तो पोशाख बायरनने पुढे हिलाच देऊन टाकला. अशा मुलीला स्थळांना काय तोटा! पण तिने निवडला काउंट द फ्लाओ, नेपोलियनचा एडीसी, जो वॉटर्लूलाही त्याच्या शेजारी होता. वडिलांनी आकांडतांडव केलं. ज्या माणसाच्या साहेबाला आपण दोन वर्षांपूर्वी बोटीत घालून पाठवलं, तो आता जावई म्हणून दारात? १८१७ मध्ये लग्न झालंच. पोटच्या पोरीला समन्स लागू होत नाही.

आणि वॉटर्लूच्या आदल्या दिवशी ॲडमिरलचा एक पुतण्या, कॅप्टन जेम्स एल्फिन्स्टन, जखमी होऊन फ्रेंचांच्या हाती सापडला होता. त्याला पाहून नेपोलियनने स्वतःकडची वाइन पाजली आणि डॉक्टर दिला. तो वाचला. त्याचा भाऊ जॉन चीनमध्ये कॅन्टनला ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारात होता. उपकार फेडायला त्याने सेंट हेलेनाला नेपोलियनसाठी चिनी कारागिरांकडून करवलेला हस्तिदंती बुद्धिबळाचा संच धाडला, त्यावर मुकुट आणि नेपोलियनचं आद्याक्षर. बेटाचा गव्हर्नर हडसन लो हादरला. कैद्याकडे मुकुट कसा? त्यावर पत्रापत्री झाली. एका काकाने बेटावर पाठवलं, पुतण्याने मागून करमणुकीची सोय केली. कुटुंबात निदान समतोल होता.

आता येऊ आपल्या साहेबाकडे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जन्म १७७९, अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा आणि ॲडमिरल कीथचा पुतण्या. सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आला. १८०३ मध्ये असईच्या लढाईत वेलस्लीच्या शेजारी घोड्यावर होता. १८०८ मध्ये त्याला काबूलच्या दरबारी वकील म्हणून पाठवलं. पण शाह शुजा तेव्हा पेशावरला होता, म्हणून भेट पेशावरलाच झाली. काही महिन्यांत शाहचं सिंहासन गेलं आणि साहेब परतला. परत येऊन त्याने काबूलच्या राज्यावर पुस्तक लिहिलं, ते १८१५ मध्ये छापून आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानलं गेलं. काबूलमध्ये मात्र त्याने पाऊलही ठेवलं नव्हतं. गंमत अशी की पुस्तक उत्तम आहे. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला तो खोदून खोदून विचारत गेला. ‘कुठले?’ विचारायची सवय त्यालाही होती म्हणायची.

१८११ पासून तो पुण्यात रेसिडेंट. पहाटे उठून ग्रीक आणि लॅटिन वाचणारा, दिवसा दुसऱ्या बाजीरावाच्या कारभारावर नजर ठेवणारा. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि मुळा-मुठेच्या संगमावरची त्याची रेसिडेन्सी पेशव्यांच्या लोकांनी जाळली. त्यात त्याची पुस्तकं आणि टिपणं जळाली. साम्राज्याला पेशवाई मिळाली आणि साहेबाचं ग्रंथालय गेलं. या व्यवहाराबद्दल त्याला काय वाटलं असेल ते पुस्तकं उसनी देऊन बसलेल्या माणसालाच कळेल.

१८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर. पुण्यात त्याने संस्कृत पाठशाळा काढली आणि १८२७ ची कायद्यांची संहिता त्याच्या नावाने ओळखली जाते. जनरल ब्रिग्जने सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. साहेबाच्या तंबूत छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्जने विचारलं, हे कशाला? साहेब म्हणाला, इथल्या लोकांना शिकवायला, पण आमच्यासाठी हा युरोपला परत जायचा हमरस्ता आहे. मग कशाला करताय, यावर त्याचं उत्तर होतं की आमचं ते कर्तव्यच आहे. तो गेला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावाने दोन लाखांहून अधिक रुपये जमवले आणि त्यातून एल्फिन्स्टन संस्था उभी राहिली. बाळशास्त्री जांभेकर तिथे शिकवत होते. दादाभाई नौरोजी तिथे शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. रानडे, गोखले आणि १९१२ मध्ये पदवी घेणारे बाबासाहेब आंबेडकर, सगळे तिथले. दादाभाईंनी तर पुढे साम्राज्याचा जमाखर्च मांडून लूट किती झाली ते साहेबांच्याच भाषेत साहेबांना समजावलं. हमरस्ता इतका चोख बांधला गेला, की बांधणाऱ्याच्या पश्चात शंभर वर्षांच्या आत वाहतूक सुरू झाली.

गव्हर्नर जनरलची जागा त्याला देऊ केली तेव्हा त्याने प्रकृतीचं कारण सांगून नकार दिला, तोही एकदा सोडून दोनदा. मोठं पद नाकारणारा माणूस आपल्याला आता फक्त इतिहासाच्या पुस्तकात भेटतो, त्यामुळे त्याची नोंद घ्यायलाच हवी. तो इंग्लंडला जाऊन वाचत आणि लिहीत बसला. १८४१ मध्ये त्याचा हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला.

आणि नेमक्या त्याच १८४१ मध्ये सरकारने काबूलच्या फौजेचा सेनापती म्हणून दुसऱ्या एल्फिन्स्टनला पाठवलं. मेजर जनरल विल्यम एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ, बुद्धिबळवाल्या जॉनचा सख्खा भाऊ. वॉटर्लूला याने पलटण चालवली होती, पण त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती. संधिवाताने हातपाय धरलेले. त्याच्या हाताखालचा ब्रिगेडियर शेल्टन बैठकीत घोंगडी अंथरून आडवा होई आणि मत विचारलं की झोपेचं सोंग घेई. सेनापती मात्र प्रत्येकाचं मत ऐके आणि शेवटी ज्याने बोलणं संपवलं त्याचं खरं मानी. 

इंग्रजांनी शाह शुजाला, त्याच पेशावरच्या शाह शुजाला, पुन्हा गादीवर बसवलं होतं. माउंटस्टुअर्टने आधीच बजावलं होतं, की फौज पाठवून त्याला बसवाल खरं, पण त्या थंड, दरिद्री, दूरच्या मुलखात त्याला टिकवणं अशक्य आहे. झालंही तसंच. काबूल उठलं, माघार घ्यावी लागली आणि जानेवारी १८४२ मध्ये साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे, बायकामुलं, बर्फातून काबूलहून निघाले. एका आठवड्यात जवळजवळ सगळे मारले गेले, गोठून मेले किंवा कैद झाले. त्यात बहुतेक हिंदुस्थानी होते. १३ जानेवारीला जलालाबादच्या वेशीशी डॉक्टर ब्रायडन एकटा पोचला. सेनापती एप्रिलमध्ये कैदेत आजाराने मेला. इथे विनोद करायला जागा नाही. एवढंच म्हणायचं, की काबूलला जो एल्फिन्स्टन पाठवायचा होता तो घरी वाचत बसलेला होता, आणि जो घरी राहायला हवा होता त्याला काबूलला पाठवलं. आडनाव बरोबर होतं. माणूस चुकला.

त्याच काळात आणखी एक एल्फिन्स्टन मद्रासचा गव्हर्नर होता. जॉन, तेरावा लॉर्ड, माउंटस्टुअर्टचा पुतण्या. हा देखणा. लंडनच्या उमरावांत कुजबुज होती की कोवळ्या व्हिक्टोरियाला तो आवडतो म्हणून त्याला इतका लांब पाठवला. पुरावा कोणी दिला नाही, पण अशा बातम्यांना पुरावा लागतही नाही. मद्रासच्या उकाड्याला कंटाळून साहेबाने निलगिरीत केटी इथे बंगला घेतला आणि तिथून राज्य चालवलं. म्हणजे १८४१ मध्ये एक एल्फिन्स्टन इतिहास लिहीत होता, दुसरा काबूलमध्ये तो घडवत होता आणि तिसरा थंड हवेच्या ठिकाणी होता. तिघांत शहाणा कोण, ते वाचकांनी ठरवावं.

हाच जॉन १८५३ च्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८६० पर्यंत राहिला. मुंबई विद्यापीठ याच्या काळात स्थापन झालं, १८५७ चं वादळही याच्या काळात आलं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली तेव्हा साहेब अजून यायचे होते, पण स्टेशनाला आणि सर्कलला नाव याचं लागलं. कॉलेज काकाचं, स्टेशन पुतण्याचं. दोघेही अविवाहित राहिले, त्यामुळे मुंबईत वंश चालवायचं काम दगड-विटांनाच करावं लागलं.

तो वंशही हळूहळू आटला. सर्कलला स्वातंत्र्यानंतर बेंजामिन हॉर्निमनचं नाव दिलं. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा हा संपादक साहेब असूनही आपल्या बाजूने भांडला होता. जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी झालं. नाव बदललं याची हळहळ वाटायचं कारण नाही. प्रभादेवी तिथे साहेबाच्या आधीपासून होती आणि तिची बदली होत नाही. कॉलेजचं नाव मात्र टिकलं. आणि टिकलं आहे ते एका रानकबुतराचं. सह्याद्री आणि निलगिरीच्या दाट रानात राहणाऱ्या या पक्ष्याचं शास्त्रीय नाव कोलंबा एल्फिन्स्टोनी. दख्खनच्या पाहणीवर असलेल्या साइक्सने हे नाव माउंटस्टुअर्टवरून ठेवलं. या कबुतराकडे नामांतराचा प्रस्ताव अजून गेलेला नाही.

या सगळ्यातून घराण्याच्या रक्ताबद्दल एखादा सिद्धांत काढायचा मोह होतो. तो आवरावा. एका आजोबांच्या दोन नातवांपैकी एकाला काबूल न पाहता कळलं आणि दुसऱ्याला काबूलमध्ये बसून कळलं नाही, यावर कुठलं रक्त काय उत्तर देणार? तरीही हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या कंपनीत भरती चालायची ती ओळखीपाळखीवर आणि घराण्यावरच. जनरलसाहेबांचे वडील कंपनीचे संचालक होते, हेही जाता जाता सांगायला हवं. आडनाव बघून माणूस नेमला की कधी विद्यापीठ मिळतं आणि कधी काबूल. नेमणाऱ्याला ते आधी कळत नाही, आणि काबूलचा हिशोब नेमणारा भरतही नाही.

तेव्हा परीक्षेला बसणाऱ्यांच्या सोयीसाठी थोडक्यात: कॉलेज काकाचं, स्टेशन पुतण्याचं, काबूल चुलतभावाचं, नेपोलियन काकाच्या काकांचा आणि कबूतर पुन्हा पहिल्याचं. एवढं पाठ करा. आणि पुढच्या वेळी कुठल्या संस्थेवर, पक्षात किंवा पदावर एखाद्या मोठ्या आडनावाचा माणूस बसलेला दिसला, तर आडनावाला हात जोडून माणसाची चौकशी वेगळी करा.